ईस्टरचं चित्रपुस्तक मुलांना वाचून दाखवताना: निवड, मराठी तयारी आणि ते एक पान

ईस्टरची चित्रपुस्तकं दोन घराण्यांची असतात. एका घराण्यात ससा, टोपली, रंगवलेली अंडी आणि कोवळं गवत. दुसऱ्यात शिंगरावर बसून यरुशलेमेत आलेला येशू, क्रूस आणि रविवारी पहाटे रिकामी सापडलेली कबर. दुकानात दोन्ही एकाच फळीवर, दोघांच्याही मुखपृष्ठावर पांढरी लिली आणि पिवळं ऊन. त्यामुळे पुनरुत्थानाची गोष्ट म्हणून मागवलेल्या पार्सलमधून चॉकलेट वाटणारा ससा निघतो, किंवा सशाचं समजून तीन वर्षांच्या मुलापुढे उघडलेल्या पुस्तकात काट्यांचा मुकुट.

घराणी वेगळी असली तरी गोष्टीचा खटका एकाच जागी असतो. काहीतरी बंद असतं आणि पुढच्या पानावर ते उघडतं. अंडं फुटतं, झुडपामागे टोपली सापडते, कबरेवरची धोंड बाजूला झालेली असते. पुस्तक निवडताना आणि वाचतानाही लक्ष त्या एका पान उलटण्यावर ठेवायचं. बाकीच्या चुका मुलं सहज माफ करतात.

पुस्तक हातात आल्यावर

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं. छापील मोठ्या कागदाच्या घड्या घालून पानं पडतात, म्हणून पानांची संख्या आठाच्या पटीत येते. नाव-गाव-प्रकाशकाची पानं वगळली की गोष्टीला साधारण १२ ते १४ जोडपानं उरतात. मुखपृष्ठ पाहून ठरवू नका. पुस्तकाचा शेवटचा तिसरा भाग उघडा आणि उघडण्याचं पान शोधा.

पुनरुत्थानाच्या पुस्तकात शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवारची पहाट एकाच जोडपानावर आहेत का, ते बघा. डावीकडे कबरेला धोंड लावताहेत आणि उजवीकडे सोनेरी उजेडात देवदूत बसलाय, अशी रचना असेल तर तुम्ही दुःखाची ओळ वाचत असताना मूल देवदूताकडे बोट दाखवत असतं. पुस्तक तेवढ्यानं बाद होत नाही. उजव्या पानाच्या मापाचा करडा कागद कापून आत ठेवायचा, डावं पान वाचायचं, मग कागद उचलायचा. अंडी शोधायच्या गोष्टीतही हीच परीक्षा. लपवलेलं अंडं आधीच्या पानावर जरासं डोकावत असेल तर उत्तम, मूल तुमच्या आधी ओरडतं. पूर्ण दिसत असेल तर शोधायला काही उरत नाही.

मजकूर किती, तेही मोजा. एका पानावरचे शब्द मोजून पानांनी गुणलं की अंदाज येतो. दोन वर्षांपर्यंत पुठ्ठ्याच्या पानांचं, पानाला एक ओळ असलेलं पुस्तक. तीन-चार वर्षांच्या मुलाला पूर्ण पुस्तकात ३०० शब्द खूप झाले. पाच ते सात वर्षांचं मूल ८०० शब्दांपर्यंत बसतं. ५०० शब्दांचं इंग्रजी पुस्तक चित्रं दाखवत वाचायला सात-आठ मिनिटं लागतात, तेच मराठीत सांगत गेलात तर दहा-बारा. हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच झोपायच्या वेळेला सुरू केलेलं पुस्तक अर्ध्यावर राहतं. आणि अर्ध्यावर म्हणजे नेमकं क्रूसाच्या पानावर.

काही पुस्तकं, वाचणाऱ्याच्या नजरेतून

डूबोज हेवर्ड यांचं ‘द कंट्री बनी अँड द लिटल गोल्ड शूज’ १९३९चं, चित्रं मार्जरी फ्लॅक यांची. एकवीस पिल्लांची आई असलेली खेड्यातली ससूताई ईस्टरची अंडी पोहोचवणाऱ्या पाच सशांपैकी एक होते. गोष्ट सुंदर, पण मजकूर लांबलचक, एका बैठकीत पाच वर्षांखालचं मूल टिकत नाही. आई पिल्लांना जोडीजोडीनं घरकाम वाटून देते तिथे पहिला दिवस संपवावा, म्हणजे उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी वेगानं धावते.

कॅथरीन मिलहाऊस यांचं ‘द एग ट्री’ १९५०चं, त्याला चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक १९५१मध्ये मिळालं. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या कुटुंबात माळ्यावर जुनी रंगवलेली अंडी सापडतात आणि ती झाडाला टांगली जातात. वाचून झाल्यावर हातानं काहीतरी करायची इच्छा होते, हा याचा मोठा गुण.

पॅट्रिशिया पोलाको यांच्या ‘रेचेन्काज एग्ज’मध्ये (१९८८) रशियातल्या आजीबाईची नक्षीदार अंडी जखमी हंसिणीकडून फुटतात, आणि मग ती हंसीणच नक्षीची अंडी घालू लागते. फुटण्याचं पान आणि नवं अंडं सापडण्याचं पान, दोन्ही जागा वाचणाऱ्याला हव्या तशा मिळतात. गटात वाचायला यासारखं दुसरं नाही. जॅन ब्रेट यांचं ‘द ईस्टर एग’ (२०१०) मात्र मांडीवरचं पुस्तक. पानांच्या कडांना छोट्या चौकटींत समांतर चित्रं चालू असतात. बारा मुलांपुढे धरलं तर मागच्या ओळीला त्यातलं काहीच दिसत नाही.

धार्मिक घराण्यात ब्रायन वाइल्डस्मिथ यांच्या ‘द ईस्टर स्टोरी’त सगळं गाढवाच्या जवळून दिसतं. प्राण्याच्या नजरेनं सांगितलेल्या गोष्टीचा फायदा असा की मूल गाढवाशेजारी उभं राहतं, क्रूसाच्या थेट खाली नाही.

ससा अंडी घालतो का?

हा प्रश्न येणारच, तिसऱ्या पानाच्या आत. उत्तर तयार ठेवा: घालत नाही, आणून ठेवतो. मध्ययुगात ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत अंडी खायला बंदी होती. कोंबड्यांना ते कोण सांगणार? साठलेली अंडी ईस्टरला बाहेर निघत, रंगवली जात. ती अंडी ससा आणतो ही समजूत जर्मन भाषकांची. १६८२मध्ये गेओर्ग फ्रांक फोन फ्रांकेनाऊ या वैद्यानं तिची नोंद केली आहे. जर्मन स्थलांतरितांबरोबर तो ससा पेनसिल्व्हेनियात गेला. मूळ प्राणी रानससा (हेअर), पाळीव ससा (रॅबिट) नव्हे. मराठीत दोघांनाही ‘ससा’च म्हणतात, त्यामुळे आपली एक कटकट वाचते.

फ्रान्समध्ये अंडी आणतात चर्चच्या घंटा, रोमला जाऊन परत येताना. ऑस्ट्रेलियात ससा हा शेतीचा शत्रू, म्हणून तिथे लांब कानांचा बिल्बी नावाचा स्थानिक प्राणीही ईस्टरला अंडी आणतो. तिथे ईस्टर येतो तो शरद ऋतूत. सिडनी-मेलबर्नच्या मराठी घरांत ‘बर्फ वितळला, फुलं उमलली’ हे पान वाचलं की मूल खिडकीबाहेर बघतं आणि पुस्तक खोटं ठरतं. वसई-अहिल्यानगरच्या मुलांचंही तेच, एप्रिलच्या उकाड्यात लोकरीचा स्वेटर घातलेला ससा. एक वाक्य पुरतं: ‘ही थंड गावातली गोष्ट आहे.’ डॅफोडिलच्या जागी बहावा घालू नका, चित्रात बहावा नाही हे मूल लगेच दाखवून देतं.

मराठीत सांगायची तयारी

मराठीत मुलांची सचित्र बायबलं मिळतात, पण ईस्टरचं स्वतंत्र चित्रपुस्तक क्वचितच. बहुतेक घरांत आणि संडे स्कूलमध्ये इंग्रजी पुस्तक हातात आणि मराठी तोंडात असंच चालतं. पान उघडून जागच्या जागी भाषांतर करायला गेलात की वाक्यं अडखळतात आणि नेमक्या पानावर शब्द सापडत नाही. आदल्या दिवशी अर्धा तास काढा. एकदा मनात वाचा, एकदा मोठ्यानं मराठीत सांगा, आणि जिथे अडलात त्या पानावर स्टिकी नोट लावून मराठी शब्द लिहा. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर परत देण्याआधी चिठ्ठ्या काढा, डिंक कागदावर राहतो.

शब्द ठरवून घ्या. पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारला, वसईत ‘झावळ्यांचा रविवार’ म्हणतात, आणि मुलांना झावळी माहीत असते. गुड फ्रायडेला ‘उत्तम शुक्रवार’, किंवा घरात जे चालतं ते. पवित्र शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, ‘वधस्तंभ’ येतो, मुलांसाठी ‘क्रूस’ बरा, कारण तो त्यांनी पाहिलेला असतो. गाढवाच्या पिल्लाला ‘शिंगरू’. मिरवणुकीतला जयघोष ‘होसान्ना’ तसाच ठेवा, ओरडायला छान आहे. येशूसाठी मराठी पवित्र शास्त्रात एकेरी ‘म्हणाला’ येतं. तुमच्या घरात ‘म्हणाले’ असेल तर तेच वापरा, पण एका पुस्तकात दोन्ही नकोत.

दोन शब्दांवर जास्त काम लागतं. पहिला ‘कबर’. आपल्याकडच्या मुलाच्या डोळ्यांपुढे मातीचा उंचवटा आणि त्यावरचा क्रूस येतो. मग धोंड लोटली म्हणजे काय आणि बायका आत वाकून पाहतात त्या कशात? गोष्टीतली कबर खडकात खोदलेली होती. कान्हेरीची किंवा कार्ल्याची लेणी पाहिलेल्या मुलाला ‘लेण्यातल्या खोलीसारखी, आणि दाराला मोठी गोल धोंड’ एवढं सांगितलं की चित्र लागतं. हे गोष्टीच्या आधी सांगायचं, त्या पानावर नाही.

दुसरा शब्द ‘उठला’. ‘तो उठला आहे’ हे मोठ्यांच्या कानाला पुनरुत्थान असतं, चार वर्षांच्या मुलाला ते सकाळी अंथरुणातून उठणं वाटतं. त्यातून गोष्टीचा अर्थच जातो, शिवाय मरण म्हणजे झोप अशी गाठ बसते आणि रात्री झोपायला भीती वाटू लागते. सरळ सांगा: ‘तो मेला होता. आता तो जिवंत आहे.’ मोठ्या मुलांसाठी ‘मेलेल्यांतून उठला’.

मग वाक्याची ठेवण. इंग्रजीत रिकामेपणाचा शब्द वाक्याच्या शेवटी पडतो आणि त्यावर पान उलटतं. मराठीत शेवटी ‘होती’ येऊन बसतं आणि सगळी हवा जाते. म्हणून क्रियापद गाळा: ‘मरीयेनं आत वाकून पाहिलं. कबर...’ पान उलटा. ‘रिकामी!’ अंड्याच्या गोष्टीतही तसंच: ‘झुडपामागे होती...’ पान, ‘टोपली!’ पिल्लू बाहेर येताना ‘टक... टक... तड!’ सशाला ‘टुणटुण’, कोकराला ‘बें’. हे नाद मराठीत तयार आहेत, इंग्रजी नाद उच्चारून दाखवायची गरज नाही.

यमकातली पुस्तकं मराठीत सांगायच्या फंदात पडू नका. इंग्रजी यमक ठेक्यात वाचा, पानाच्या शेवटी एका मराठी वाक्यात काय झालं ते सांगा. ओळीओळीला भाषांतर केलं तर ठेका मोडतो, गोष्टही मोडते.

शुक्रवारचं पान

तीन वर्षांखाली हे पान नकोच. त्या वयाला झावळ्या, गाढव आणि बाग एवढी गोष्ट पुरते. चार-पाच वर्षांना टेकडीवर दूरवर दिसणारे तीन क्रूस, ढगाळ आभाळ, एक-दोन वाक्यं. खिळे-रक्त जवळून दाखवणारं चित्र सहाच्या आत टाळावं. पान गाळायचं असेल तर आधीच दोन पानं एकत्र पेपरक्लिपनं लावून ठेवा. वाचताना घाईनं उलटलेलं पान मुलाला हमखास कळतं आणि मग तेच बघायचं असतं.

मजकूरही तपासा. काही जुन्या पुस्तकांत ‘ज्यू लोकांनी त्याला मारलं’ अशा अर्थाचं वाक्य असतं. ते वाचू नका. शिक्षेचा हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा होता, आणि येशू, मरीया, शिष्य, शोक करणाऱ्या बायका सगळे ज्यूच होते. ‘काही पुढाऱ्यांनी ठरवलं आणि पिलातानं हुकूम दिला’ असं सांगा.

मुलाचा खरा प्रश्न बहुतेक वेळा येशूबद्दल नसतोच. ‘मग आजोबा पण परत येतील?’ पुस्तक तिथेच मांडीवर उलटं ठेवा. ‘नाही, आजोबा आपल्या घरी परत येणार नाहीत’ हे आधी, आणि तुमच्या श्रद्धेत त्यापुढे जे आहे ते त्यानंतर. क्रम उलटा झाला तर मूल दाराकडे बघत बसतं. श्रद्धा नसलेल्या घरात ‘ख्रिस्ती लोक मानतात की...’ एवढ्या सुरुवातीनं प्रामाणिकपणे वाचता येतं.

सहाच्या पुढची मुलं दोन पुस्तकं शेजारी ठेवून तुम्हाला पकडतात: यात एक देवदूत, त्यात दोन कसे? चित्रकाराची चूक नाही. येशूची गोष्ट बायबलात चार पुस्तकांत येते: मत्तयात एक देवदूत धोंडेवर बसतो, मार्कात पांढऱ्या झग्यातला तरुण आहे, लूकात दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. योहानात मरीया मग्दालीया येशूला माळी समजते. ते पान असलेलं पुस्तक मिळालं तर जरूर घ्या, मुलांना ‘आम्हाला माहितीये, तिला नाही’ ही गंमत फार आवडते. एक खरी चूक मात्र शोधायला द्या. येशूच्या अटकेची रात्र ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणातली, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासची. अटक झाली त्या गेथशेमाने बागेवर चंद्रकोर काढली असेल तर चित्रकार चुकला.

प्रत्यक्ष वाचताना

एका मुलासाठी मांडी पुरते. आठ-दहा मुलं असतील तर अर्धगोलात खाली बसवा, तुम्ही बुटक्या स्टुलावर, पुस्तक खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर मुलांना पुस्तक काळं दिसतं, समोर असेल तर गुळगुळीत कागदावर तिरीप पडते. बाजूची खिडकी चांगली. तरीही चकाकलं तर पुस्तकाची वरची कड जराशी पुढे झुकवा.

एका हातानं पुस्तक खालून, मधल्या घडीपाशी धरा. दुसऱ्या हातानं पुढच्या पानाचा वरचा कोपरा आधीच सुटा करून ठेवा. नव्या पुस्तकाची पानं चिकटलेली असतात, दोन एकदम उलटली की रिकामी कबर दिसायचीच राहते. म्हणून नवं पुस्तक घरी आणल्यावर सगळी पानं एकदा सुटी करून घ्यावीत.

उघडण्याच्या पानाआधी आवाज वाढवू नका, कमी करा. मनात तीन मोजा. उलटा. उलटल्यावर पुन्हा तीन मोजा आणि काही बोलू नका, चित्राला बोलू द्या. इथे बहुतेक मोठी माणसं घाबरतात आणि ‘बघा, काय झालं? कोण आहे हे?’ असे प्रश्न विचारून तो क्षण फोडतात. प्रश्न आधीच्या पानांवर विचारा, पूर्ण पुस्तकात तीन-चार पुरेत, आणि ‘पुढे काय होईल?’ हा त्यातला सर्वांत उपयोगी. मुलांना पहिल्या वाचनात फार बोलायचं नसतं. चौथ्या वाचनात ती तुम्हाला दुरुस्त करतात. आठवड्यात पाच पुस्तकं एकेकदा वाचण्यापेक्षा एक पुस्तक पाचदा वाचणं केव्हाही बरं.

अंड्यांच्या पुस्तकानंतर अंडी रंगवायची असतील तर कांद्याच्या सालींसारखा रंग नाही. दहा-बारा कांद्यांची कोरडी सालं, १ लिटर पाणी, २ मोठे चमचे व्हिनेगर. अर्धा तास मंद उकळा, गाळा, थंड करा. त्यात सहा पांढरी अंडी घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा, तासभर तशीच ठेवा. विटकरी लाल रंग येतो. व्हिनेगरचं आम्ल कवचाचं चुनखडी पृष्ठ जरा खरबरीत करतं, म्हणून रंग धरतो. फ्रिजमधली अंडी थेट गरम पाण्यात टाकली की तडकतात. कोथिंबिरीचं पान अंड्यावर दाबून जुन्या नायलॉन मोज्याच्या तुकड्यात घट्ट बांधलं तर पानाची पांढरी नक्षी उमटते. अंडी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. पुस्तक आधी, रंग नंतर. हात ओले असताना पुस्तक जवळपास नको.

पवित्र आठवड्यात पुस्तक वाटून वाचणं

ईस्टरची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान फिरते. साधारण चैत्र पौर्णिमेनंतरचा रविवार, लवकर आला तर होळीनंतरचा. २०२६मध्ये ५ एप्रिल, २०२७मध्ये २८ मार्च, २०२८मध्ये १६ एप्रिल. परदेशातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत सणाची पुस्तकं महिनाभर आधीच उचलली जातात, म्हणून सहा आठवडे आधी नाव नोंदवून ठेवा.

पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी संपूर्ण आठवड्याची गोष्ट असलेलं एकच पुस्तक घ्या आणि तीन ठिकाणी खूण घाला. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीपर्यंत. गुरुवारी रात्री शेवटच्या भोजनापर्यंत आणि बागेपर्यंत. शुक्रवारी धोंड लावेपर्यंत, आणि तिथे पुस्तक बंद. चारच्या आतल्या मुलांसोबत हे करू नका, त्यांना मरणाच्या पानावर दोन दिवस थांबवता येत नाही, एका बैठकीत शेवटापर्यंत जा.

शनिवारी पुस्तक उघडायचं नाही. मूल मागेल, तरी नाही. ते सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा, टेबलावर किंवा येशूच्या फोटोखाली, खूण बाहेर डोकावत असलेली. आधी उघडून बघितलं तर रागवू नका. रविवारी सकाळी, चर्चला निघण्यापूर्वी, चहा-दुधाच्याही आधी, पुस्तक मुलाच्या मांडीवर द्या. शुक्रवारची शेवटची ओळ तुम्ही पुन्हा वाचा आणि हात मागे घ्या. पान त्याला उलटू द्या.